मोरीवरचं लिंबू

श्रीगोंद्याच्या आमच्या घरामागचं लिंबाचं झाड कुणी लावलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "माझ्या सासूच्याबी आधीचं हाय त्ये." सासूला विचारायची सोय राहिली नव्हती. झाडाची जन्मतारीख माहीत नव्हती, पण पत्ता पक्का होता. मोरीच्या भोकापासून दहा पावलं.

घर माळवदाचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मोरीच्या भिंतीला तळाशी वीतभर भोक आणि भोकातून परसात डोकावणारी दगडी पन्हळ. भांड्यांचं, अंघोळीचं, हातपाय धुतल्याचं सगळं पाणी त्या पन्हळीतून बाहेर पडायचं आणि एका उथळ चरातून वाहत जायचं. चराच्या काठानं आधी कर्दळ, मग अळू, मग एक केळ आणि अगदी शेवटी, पाणी जिरून जायचं तिथं, लिंबू. चौघांच्या या पंगतीत लिंबू शेवटी बसायचं आणि ते बरोबरच होतं. अळूला चिखल लागतो, लिंबाला तो सोसत नाही. मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक गळायला लागतो. बाकीच्यांचं पिऊन उरेल तेवढंच त्याला पुरतं. हा क्रम कुणी विचार करून आखला असेल असं मला वाटत नाही. चुकीच्या जागी लावलेली मेली असतील, बरोबर जागेवरची राहिली.

मी पुण्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. ट्रंक कॉलच्या काळात आम्हाला एकच काम असायचं, हा आवाज कुठून आला आणि तो कुठे जोडायचा. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. गच्चीवर माझं स्वतःचं लिंबू आहे, पिंपात लावलेलं. त्याला पाणी घालताना मी त्याची लाइन मागे मागे शोधत जाते. ती दर वेळी त्या मोरीशी येऊन थांबते. म्हणून म्हणते, आपल्याकडच्या घरच्या लिंबाचा इतिहास लिहायचा तर तो बागांचा इतिहास होणार नाही. तो सांडपाण्याचा होईल.

आमच्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम वीसेक इंच. नगर जिल्ह्याचा हा कोपरा, आता अहिल्यानगर म्हणायचं, पर्जन्यछायेत येतो. विहिरीचं पाणी शेंदून, डोक्यावर आणून रांजणात ओतायचं. असं पाणी झाडाच्या बुडाशी ओतणारी बाई गावानं वेडी ठरवली असती. झाडाला मिळायचं ते पाणी आधी माणसानं वापरलेलं असायचं. परसात फुलांची हौस करायला पेशवे नव्हते तिथं. जे झाड वापरलेल्या पाण्यावर जगेल आणि वर काहीतरी खायला देईल, त्यालाच जागा मिळायची.

त्या पाण्यात काय असायचं, ते मी रोज बघितलंय. पहाटे बंब पेटायचा. बंबाची आणि चुलीची राख भांडी घासायला. तांब्यापितळेला चिंच, नाहीतर लिंबाचीच पिळलेली फोड. ताकाच्या तवलीचं धुवण, पिठाची परात विसळलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी. आठवड्यातून एकदा बायकांच्या न्हाण्याचं शिकेकाईचं तपकिरी पाणी. राखेतलं पालाश, ताकाचा अंश, पिठाचा साका, सगळं थोडं थोडं, रोज. आज मी कृषी केंद्रातून पालाश पुडीत बांधून विकत आणते तेव्हा आजीची चूल हमखास आठवते.

सुरपाल नावाच्या एका जुन्या वैद्याचा 'वृक्षायुर्वेद' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती, तिचं भाषांतर १९९६ मध्ये सिकंदराबादहून छापून आलं. त्यात झाडांसाठी 'कुणपजल' सांगितलंय, मांस, मासे, चरबी असलं काय काय शिजवून, आंबवून केलेलं पाणी. वाचताना नाक मुरडलं मी. मग कोकणातली माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, आमची आई मासे धुतलेलं पाणी लिंबाखेरीज कुठे ओतायचीच नाही." तिच्या आईनं संस्कृत ग्रंथाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

परसातल्या त्या झाडाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. ती सांगायला आमच्या पिढीच्या बायका अजून जरा आवाज खाली घेतात. महिन्याचे ते चार दिवस आजी, आई, काकू मागच्या पडवीत बसायच्या. लोणच्याची बरणी, तुळस आणि लिंबाचं झाड, तिन्हींना हात लावायचा नाही, वाळतं म्हणे. आता गंमत अशी की पडवीपुढेच ते झाड होतं आणि त्या चार दिवसांत बाईला करायला दुसरं काही नसायचं. आजी मला एकदा म्हणाली होती, झाडावर अळी कधी पडते, कळी कुठल्या फांदीला आधी धरते, हे सगळं तिला त्या बसण्यातच कळलं. आणि त्यांच्या न्हाणाचं पाणी कुठे जायचं? त्याच पन्हळीतून, त्याच बुडाशी. झाड काही वाळलं नाही. हे मी मोठी झाल्यावर आईला बोलून दाखवलं, तर ती नुसती हसली. म्हणजे तिलाही ते कधीच कळलेलं होतं.

फळांवर घराचा हक्क होता, पण एकट्या घराचा नव्हता. आळीतलं दुसरं लिंबू थेट वेशीजवळ. त्यामुळे कुणाच्या पोराला ओकाऱ्या, कुणाकडे पाहुणे, कुणाच्या घरी पंगत, की वाटी घेऊन पोर आमच्या दारात उभं. पंगतीत पान वाढायला सुरुवातच मीठ आणि लिंबाच्या फोडीनं होते, त्यामुळे लग्नसराईत झाड अक्षरशः ओरबाडलं जायचं. नवरदेवाच्या कट्यारीच्या टोकाला खोचायला लागायचं ते वेगळंच. पैसे कुणी देत नसे आणि कुणी घेत नसे. तिन्हीसांजेनंतर मात्र फळ तोडायचं नाही आणि मीठ, सुई, विरजण यांच्यासारखंच लिंबूही द्यायचं नाही.

आणि अमावास्येला आजीचा एक प्रश्न ठरलेला असायचा. दारात आलेल्याला ती विचारायची, "खायाला का टाकायाला?" उतारा करून तिकाटण्यावर टाकायला लिंबू हवं असेल तर ती द्यायची नाही. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता असं नाही, चांगला होता. पण चांगलं रसाचं फळ रस्त्यात फेकायचं हे तिला सोसायचं नाही. "भूत आंबट खात नाय," म्हणायची. लोक खोटं बोलून न्यायचे, तेही तिला ठाऊक असायचं. पुढे पुण्यात दुकानादुकानांवर शनिवारी लिंबू-मिरची लटकताना बघितली की मला तिचा तो प्रश्न आठवायचा आणि उगाच हिशेब करावासा वाटायचा.

स्वयंपाकघरात तर लिंबू हे माप होतं. लिंबाएवढी चिंच भिजत घाल, लिंबाएवढा गूळ टाक. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही असं धाकटं पोर ते लिंबूटिंबू. चांदोबाला भाषेनं लपायला जागा दिली तीही लिंबोणीमागे. ती लिंबोणी म्हणजे लिंबू की कडुलिंब, यावर आमच्या शाळेतल्या दोन बाई भांडल्याचं मला आठवतं. माझ्यापुरता तो वाद परसातच मिटला होता. आमच्या पडवीत पडून बघितलं तर चंद्र लिंबामागूनच वर यायचा.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आदल्या वर्षीही पाऊस धड नव्हता. विहिरींनी तळ गाठला. पुरुष माणसं खडी फोडायला, नाल्याच्या कामावर गेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. घरात अंघोळी एकाआड एक दिवस, त्याही दगडावर बसून घंगाळात पाणी साठवून, म्हणजे तेच पाणी परत कपड्यांना आणि मग गाईच्या गोठ्यात. भांडी नुसत्या कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसायची. पन्हळ कोरडी पडली. आधी केळ गेली, मग अळू, मग कर्दळ. लिंबानं उन्हाळ्यापर्यंत पानं मुठीत धरून ठेवल्यासारखी धरली आणि मग सोडून दिली. मे महिन्यात नुसते काटे. आजी रोज तुळशीला घालायच्या तांब्यातलं घोटभर पाणी वाचवून त्याच्या बुडाशी टाकायची. त्यानं काय होणार होतं? पण टाकायची.

१९७३ च्या जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला. पंधरा-वीस दिवसांत त्या काटक्यांना पालवी फुटली आणि पालवीबरोबर कळ्या. इतक्या कळ्या मी त्या झाडाला त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, नंतरही नाही. पांढऱ्या, कडेला जांभळट छटा असलेल्या. वासानं परस भरून गेलं. आळीत सगळ्यांना वाटलं हा चमत्कार. एक काकू नारळ घेऊन आली.

चमत्कार नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तालुक्यात विहिरी खणल्या गेल्या, घोडचं आणि मग कुकडीचं पाणी आलं, तेव्हा लिंबू परसातून उठून शेतात गेलं. आज श्रीगोंदा, कर्जत हे लिंबाचे तालुके म्हणून ओळखले जातात. तिकडे विदर्भात बाळापूरजवळच्या वाडेगावचं नाव आहे, आणि सोलापूरच्या सीमेपलीकडच्या इंडीच्या लिंबाला भौगोलिक मानांकन आहे. बागाईतदार मुद्दाम जे करतो तेच आमच्या झाडाला दुष्काळानं केलं होतं. त्याला 'ताण देणं' म्हणतात. पाणी तोडायचं, झाडाची वाढ थांबू द्यायची, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची. वाढीत खर्च होणारा अन्नसाठा काडीत साठतो. मग खत आणि पाणी एकदम द्यायचं की झाड फुटव्याबरोबर फुलतं. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं यावरून बहाराचं नाव. जानेवारी-फेब्रुवारीत फुललं तर आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. फुलापासून फळ पाच-सहा महिन्यांत. म्हणजे हस्ताचं फळ ऐन उन्हाळ्यात येतं, रसवंत्या सुरू असतात आणि भाव कडाडलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचा जीव हस्तावर. पण हस्ताआधी ताण द्यायचा तर तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आभाळातलं पाणी कोण तोडणार? म्हणूनच तो बहार अवघड आणि महाग. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना झालं तेव्हा लोक चेष्टा करत होते. मला त्यात हस्ताचं गणित फसलेलं दिसत होतं.

झाडाला भीती दाखवायची जुनी पद्धतही आमच्याकडे होती. फळत नसेल तर एकानं कोयता घेऊन उभं राहायचं, "तोडतो आता," म्हणायचं आणि दुसऱ्यानं, "राहू द्या, पुढल्या साली देईल," अशी रदबदली करायची. ग्रहणात मुसळानं बुंध्याला ठोकायचं. पोरांना यात नाटकाची मजा. सालीला दुखापत झाली की खाली मुळांकडे जाणारं अन्न अडतं आणि वर कळी धरायला मदत होते, हे खरं. रदबदलीचा उपयोग काय होतो ते मला सांगता येणार नाही.

आता जरा लांबची लाइन जोडते. आपलं कागदी लिंबू हे मुळात संकर आहे. बाप महाळुंग, आई फिलिपिन्सकडची पापेडा वर्गातली एक रानटी लहानखोर जात, असं शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून ठरवलंय. महाळुंग आपल्याकडे फार जुनं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते महाळुंगच. लकुलीश शिवाच्या हातातही तेच असतं. म्हणजे ओटी भरताना आपण जिच्यापुढे लिंबू ठेवतो तिच्या हातात लिंबाचा बापच आहे. हे मी आमच्या महिला मंडळात सांगितलं तेव्हा काहींना आवडलं नाही.

नावही असंच फिरलं. आपलं निंबू फारसीत लिमू झालं, अरबीत लैमून, आणि तिथून युरोपच्या भाषांत लिमोन, लेमन, लाइम. बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्यानं आंब्यापासून महाळुंगापर्यंत सगळ्या फळांची नोंद आपल्या आठवणींत केली. लिमूबद्दल तो लिहितो की हे इथं मुबलक, कोंबडीच्या अंड्याएवढं. कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा वाटेत कॅनरी बेटांवरून संत्रं, लिंबू, महाळुंग यांच्या बिया बरोबर घेऊन गेला. अमेरिकेत ही झाडं त्याआधी नव्हती. पुढे फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांवर जे रुजलं आणि तिथल्या नावानं 'की लाइम' म्हणून प्रसिद्ध झालं, ते आपलं कागदी लिंबूच.

मग १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरनं स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात ती जोडी बरी व्हायला लागली होती. ब्रिटिश नौदलानं रस नेमून द्यायला मात्र १७९५ उजाडलं. त्यातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. लिंडचं लिंबू भूमध्य समुद्राकडचं, जाड सालीचं. एकोणिसाव्या शतकात नौदलानं ते सोडून वेस्ट इंडीजमधलं छोटं लिंबू घेतलं, म्हणजे आपल्याच गोतातलं. त्याच्या रसात क जीवनसत्त्व पुष्कळ कमी, त्यातून रस साठवून साठवून शिळा. १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत माणसांना पुन्हा स्कर्व्ही झाला. आंबट ते औषधी, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. आमच्या आजीनं बरणीतल्या सात वर्षांच्या काळ्या लोणच्याला कधी ताज्या फोडीच्या जागी धरलं नाही. लोणचं तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव यायला, आणि फोड रोजच्या भाकरीला.

बिया समुद्रापार गेल्या आणि झाड तेच राहिलं, यात एक गोम आहे. पण ती मला कळायला घरचं झाड जावं लागलं.

ते गेलं १९८० नंतरच्या दशकात. सनलाइट साबण आपल्या देशात १८८८ पासून होता, पण आमच्या मोरीत साबण म्हणजे पाहुण्यांसाठी खोबणीत ठेवलेली वडी. कपडे आजी नदीवर, नाहीतर विहिरीवर न्यायची. १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाली आणि दहा-पंधरा वर्षांत असली पिवळी-निळी पावडर आमच्या वाण्याच्या दुकानात आली. घरी नळ आला, त्यामुळे कपडे मोरीतच. आता पन्हळीतून जाणारं पाणी फेसाळ. त्या पावडरीत सोडा असतो. आमची जमीन आधीच चुनखडीची, त्यात रोजचा सोडा, मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. झाडाची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. जाळी काढल्यासारखी दिसायची. राखही त्याच जातीची, हे मान्य. पण राख मूठभर असायची आणि तिच्या जोडीला ताक, पीठ, चिंच असायची. आई म्हणाली, झाडाला दृष्ट लागली. तिनं बुंध्याला बिबा बांधला.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, कडेनं बंदिस्त गटार. आरोग्यासाठी ते हवंच होतं. परसातल्या डबक्यात डास व्हायचे आणि आळीत हिवतापानं माणसं झोपायची, त्याचा मला विसर पडलेला नाही. मोरीचं भोक बुजवलं, पाइप टाकून पाणी थेट गटारात. दृष्टही गेली आणि पाणीही. तीन उन्हाळे झाडानं काढले. शेवटच्या वर्षी वरच्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या, दोन-चार लिंबं धरली, सुपारीएवढी. तोडल्यावर लाकूड आत पिवळसर, घट्ट निघालं. काकांनी त्याचा खुंटा केला.

पुण्यात फ्लॅट घेतल्यावर मी एका रोपवाटिकेतून कलम आणलं. "ताई, दोन वर्षांत लिंबू," असं सांगून दिलेलं. दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या वर्षी जोमानं वाढलं, लांब लांब काटे, मोठी पानं. चौथ्या वर्षी फळं धरली तेव्हा मी शेजारीपाजारी सांगून मोकळी झाले. फळ मोठं झालं तसं खडबडीत, गाठीगाठीचं, जाड सालीचं होत गेलं. रस थोडा, बिया मूठभर. ती जंबेरी होती. जंबेरीच्या खुंटावर लिंबाचा डोळा भरला होता, माझ्या निष्काळजीपणानं म्हणा की कलम कच्चं म्हणून, वरचा डोळा मेला आणि खालून खुंटच फुटून आला. जंबेरी आणि रंगपूर लिंबू या खुंटांच्या जाती, नागपूरची संत्री त्यांच्यावरच उभी असतात. खुंट म्हणून चांगली. पण ताटात वाढायची नव्हे. कलमाच्या जोडाखालून फुटलेला प्रत्येक धुमारा दिसताक्षणी मोडायचा असतो, हे रोप देताना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमचे हे अजूनही त्या झाडाला 'तुझं दोन वर्षांत लिंबू' म्हणतात.

२०११ च्या जूनमध्ये श्रीगोंद्याहून वहिनी आली. पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि लिंबं. म्हणाली, "मळ्यातल्या बांधावरची आहेत. आपल्या परसातल्या लिंबाखाली उगवलेलं रोप तुमच्या भावानं नेऊन लावलं होतं ना, ते." मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी कापून वास घेतला. आता वासाची साक्ष कोण मानणार, पण मी मानली. बिया काढल्या, राखेत घोळवल्या नाहीत, वाळवल्याही नाहीत. लिंबाचं बी वाळलं की मरतं, ते त्याच दिवशी लावावं लागतं. दह्याच्या रिकाम्या डब्यांत बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. तीन आठवड्यांनी उगवलं तेव्हा एका बीतून दोन-दोन, एकातून तर तीन रोपं वर आली. मला वाटलं मीच चुकून जास्त बिया टाकल्या.

त्या गोमेचा उलगडा इथं झाला. कागदी लिंबाच्या एका बीत अनेक गर्भ असतात. त्यातला एक परागातून, म्हणजे आईबाप दोघांचा. बाकीचे निव्वळ आईच्या पेशींपासून झालेले. ते आईची मुलं नव्हेत, आईच. आंब्याची कोय लावली तर काय निघेल याची खात्री नसते, इथं बीतून बहुतेक तेच झाड परत येतं. म्हणून कोलंबसाच्या खिशातून गेलं तरी लिंबू लिंबूच राहिलं. सायट्रसच्या रोपवाटिकांत खुंट करताना वाफ्यातली एकसारखी जोमदार रोपं ठेवतात आणि वेगळं, किरटं दिसेल ते उपटतात, ते याचसाठी. किरटं हे बहुधा खऱ्या मीलनाचं असतं.

आणि मग आजीचं कोडंही सुटलं. कागदी लिंबाचं झाड काही शंभर वर्षं जगत नाही. नीट राखलं तरी पंचवीस-तीस वर्षांत थकतं. मग 'सासूच्याबी आधीचं' कसं? चुलतीला फोन लावला. ती नव्वदीची, ऐकायला कमी येतं. मी ओरडून विचारलं, तिनं शांतपणे सांगितलं, "जुनं वाळाया लागलं का त्याच्या बुडाशी उगवल्यालं एक ठिवायचं. बाकीची उपटायची. जागा काय बदलायची न्हाई." म्हणजे मी ज्याला ओळखत होते ते कितवं होतं देव जाणे, पण होतं तेच. आजी खोटं बोलत नव्हती.

माझं झाड त्या दह्याच्या डब्यातून कुंडीत, कुंडीतून अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात गेलं. पहिली फुलं २०१७ मध्ये. बीचं झाड वेळ घेतंच. पिंपाला तळाशी आणि कडेला भोकं, खाली विटांचे तुकडे, मग माती, शेणखत, थोडी वाळू. भाज्या-डाळी धुतलेलं पाणी बादलीत साठवून मी वर नेते. साबणाचं नाही, आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जातं ते तर मुळीच नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात.

पावसाळ्यात पानांवर खैऱ्या येतो, खरखरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळं वलय. हा जिवाणू नागअळीनं केलेल्या जखमेतून आत शिरतो आणि पावसाच्या उडत्या थेंबांवर फिरतो. तोही आपल्याच घरचा. १८२७ ते १८३१ च्या दरम्यान हिंदुस्थानात गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळवून ठेवलेल्या पानांवर त्याचे ठिपके पुढच्या संशोधकांना सापडले. तोच फ्लोरिडात पोहोचल्यावर तिथल्या सरकारनं रोगट झाडापासून १९०० फुटांच्या आतली सगळी लिंबूवर्गीय झाडं तोडायचा हुकूम काढला, लोकांच्या परसातली धडधाकट झाडंसुद्धा. लोक कोर्टात गेले. शेवटी वादळांनी जिवाणू इतका पसरवला की २००६ च्या जानेवारीत तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. परसातल्या एका लिंबासाठी माणूस सरकारशी भांडतो, हे मला अजिबात नवलाचं वाटलं नाही.

खैऱ्यावर मी बोर्डो मिश्रण मारते. दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या भांड्यात. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायचं. आकाशी रंगाचं दाट पाणी होतं. मग विळीचं पातं घासून स्वच्छ करून त्यात बुडवायचं. पात्यावर तांबूस कीट चढलं तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील, चुन्याची निवळी वाढवायची. पातं जसंच्या तसं निघालं की झालं. त्याच दिवशी संपवायचं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्डोचे शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षांवर हे शिंपडायचे ते चोरांनी हात लावू नये म्हणून. वेलींवरचा रोगही त्यामुळे पळतो, हे नंतर लक्षात आलं. आमच्या सोसायटीतल्या पोरांना मात्र निळी लिंबं जास्तच आवडतात.

या जूनमध्ये पुन्हा दह्याच्या डब्यांत बिया लावल्यात. झाड आता चौदा वर्षांचं आहे, पिंपातलं झाड जमिनीतल्याएवढं टिकत नाही, मागचं एक तयार असलेलं बरं. एका डब्यात दोन रोपं आहेत. एक सरळ, गडद, पाच पानांचं. दुसरं त्याच्या निम्मं, पानं जरा वेगळीच, देठाला पंख असल्यासारखी रुंद. पुस्तकाप्रमाणे दुसरं उपटायचं. चुलतीप्रमाणेही. रोज सकाळी मी चिमटा घेऊन जाते आणि पहिल्या रोपावरची चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी तेवढी उचलते. डिवचली की ती डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि आंबूस वास सोडते. दुसऱ्या रोपावर आजवर एकही अळी बसलेली नाही.